तिथे राउंडला सर येत नाहीत

बाळा, ऑर्डर हातात आली. बंधपत्राचं वर्ष आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात काढायचं, म्हणून घरातले सगळे तुला स्वेटर, टॉर्च आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतायत. तुझ्या या आत्याचा जन्म जुन्नर-आंबेगावच्या सरकारी दवाखान्यांत गेला, तेव्हा मी कानमंत्र बांधून देते. कंटाळा आला तर मधले गाळ, पहिला गाळू नकोस. तिथे राउंडला सर येत नाहीत. कॉलेजात अडलं तर वर कुणीतरी असतं: रजिस्ट्रार, लेक्चरर, गेलाबाजार ओरडणारी सिस्टर. डिंभ्याच्या पुढे गेलास की ओपीडीच्या खोलीत सगळ्यांत जास्त शिकलेला माणूस तूच, आणि त्या गावाबद्दल सगळ्यांत कमी माहिती असलेलाही तूच. शिकवणारं कुणी नाही म्हणून ज्यांचं शिकणंच थांबलं, असे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. वर्षभर त्याच गोळ्या, तेच सलाइन, आणि संध्याकाळी पीजीच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवत बसायचं. दिवसभर समोर बसलेल्या माणसांनी विचारलेले प्रश्न तसेच राहतात.

एक वही घे, पुठ्ठ्याची, दोनशे पानी. डाव्या पानावर पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत उतरव. ‘पान लागलं’, ‘किडूक चावलं’, ‘जीव घाबरा झाला’, जसं बोलला तसं. नाव लिहू नकोस, वही कुठेही राहू शकते. वय, वाडी, वेळ एवढं पुरे. त्याखाली तुझा अंदाज लिही, आणि मग पुस्तक किंवा फोन उघड. हा क्रम मोडायचा नाही. उत्तर आधी वाचलंस की ‘हे मला येतच होतं’ असं मन बिनदिक्कत सांगतं, आणि तुला काय येत नव्हतं ते कधीच कळत नाही. उजवं पान कोरं ठेव. शेवटी काय निघालं ते तिथे लिहायचं, चार दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. माझ्या वह्यांत कोरी राहिलेली उजवी पानंच मी जास्त वेळा उघडली.

प्रश्न लहान धर. ‘सर्पदंश वाचायचा आहे’ हा प्रश्न नव्हे, तो धडा झाला. रात्री अकराला तू तो उघडशील आणि तिसऱ्या पानावर झोपशील. प्रश्न कसा असतो ते सांगते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे एक बाई कोपीतून पोराला उचलून आणते. पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, कुणी काही पाहिलं नाही. सगळे म्हणतात, रात्रीचं शिळं खाल्लं. तू पोटावर हात ठेवण्याआधी विचार: झोपला कुठे होता? खाली, जमिनीवर? दुखायला केव्हा लागलं, निजण्याआधी की झोपेतून उठून? मग त्याच्या पापण्या बघ. वर बघ म्हणाव. थुंकी गिळता येते का बघ. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांग आणि कितीवर थांबला ते लिहून ठेव. अर्ध्या तासाने पुन्हा मोजून घे. पापणी जड, आकडा घसरतोय, तर ही मण्यार. तिचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्रीच चावते.

आता प्रश्न. नागाच्या दंशातही पापणी पडते. तिथे निओस्टिग्मिन दिल्यावर ती उचलली जाताना दिसू शकते. मण्यारीच्या दंशात सहसा तसा फरक पडत नाही. का? या ‘का’साठी तुला पहिल्या वर्षाचं फिजिऑलॉजी काढावं लागेल. मज्जातंतू आणि स्नायू भेटतात तिथे नागाचं विष पलीकडच्या बाजूला, स्नायूच्या दारात जाऊन बसतं. मण्यारीचं विष अलीकडच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं, तिथून निरोपच निघत नाही. म्हणून उशिरा दिलेल्या प्रतिविषाने तिथलं झालेलं नुकसान भरून येत नाही, ते टोक पुन्हा वाढायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस पोराचा श्वास कुणीतरी चालवावा लागतो. परीक्षेसाठी हीच आकृती तू रंगीत पेन्सिलींनी काढली असशील. त्या पहाटेनंतर ती पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

पण एक गोष्ट घट्ट धर. पोरगं समोर गुदमरत असताना ‘का’ विचारत बसायचं नाही. तेव्हा भिंतीवर लावलेला सरकारी उपचारक्रम आणि अँबू बॅग, बास. प्रतिविष लावताना ॲड्रेनालिन आधी भरून हाताशी. लहान पोराला पहिला डोस मोठ्या माणसाइतकाच. ते का, हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना शोध: सापाने पोर लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. स्वतः शिकायचं म्हणजे पेशंटवर प्रयोग करायचा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. करायचं ते ठरल्याप्रमाणे, विचारायचं ते नंतर, आणि नंतर विसरायचं नाही.

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःचं रक्त काढ. हसू नकोस. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठत नाही, आणि ते ओळखायची कसोटी अगदी गरिबाची आहे: दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता, मग एकदा तिरकी करायची. गोठलं की नाही, डोळ्यांना दिसतं. पण नळी प्लास्टिकची असेल, किंवा मावशींनी साबणाच्या पावडरने धुऊन वाळवलेली असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि तू नसलेल्या विषावर प्रतिविष ओतत बसतोस. म्हणून तुझं रक्त आधी. ते वीस मिनिटांत गोठलं नाही तर दोष नळीत आहे. हा धडा पुस्तकात एका ओळीत येतो, हाताने केलास की जन्मभर राहतो. पुण्यातून निघतानाच नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा घेऊन जा, इंडेंटची वाट बघू नकोस.

प्रतिविषाच्या बाटलीवरचा कागदही एकदा सावकाश वाच. त्यावर चार नावं आहेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. भीमाशंकरच्या रानात हिरवा चापडाही आहे. तो त्या कागदावर नाही. मग चापडा चावलेला हिरडा तोडणारा माणूस आला तर काय करशील? उत्तर मी सांगत नाही. हा तुझ्या वहीतला पहिला प्रश्न समज.

रुजू होण्याआधी एक दिवस नारायणगावला जा. तिथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं आहे. जुन्नर तालुक्यात सर्पदंशाने एकही माणूस जाऊ नये असा त्यांनी ध्यास घेतला. परवानगी मागून कोपऱ्यात बसायला मिळालं तर बस. देशात सापाच्या दंशाने वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार माणसं जातात असा अंदाज आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत आणलं ते थेट २०१७ साली. तोवर अशा विषयांचं पुस्तक आपल्याकडे तालुक्याच्या गावांतच लिहिलं जात होतं.

याचा सगळ्यांत मोठा दाखला घाटाखाली महाडला. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एमबीबीएस होऊन सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, लेकरं डोळ्यांदेखत जात होती, आणि हाताशी असलेल्या पुस्तकांत त्यावर धड काही नव्हतं. हा माणूस काय करत होता? पेशंटच्या उशाशी बसून लिहीत होता. घाम केव्हा फुटला, लाळ केव्हा सुटली, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब आधी चढला की उतरला, फुप्फुसात पाणी केव्हा आलं. हृदय निकामी होण्याआधी दिसणारी ही लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढचा प्रश्न त्याच नोंदींतून निघाला. विंचवाचं विष शरीरातच कॅटेकोलामाइनचा लोंढा सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार येतो. मग त्या वाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, का देऊ नये? १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी शंभरातले तीसेक दगावत, तिथे गोळीनंतर एखादा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पेपरात मोठे फोटो आले.

फोटोंपेक्षा मला आवडते ती २०११ सालची गोष्ट. तोवर जगात त्यांचं नाव प्राझोसिनशी बांधलं गेलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याच उत्तरावर निवृत्त झाला असता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने महाडलाच चाचणी लावली: पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात आठ, दुसऱ्या गटात बत्तीस. आपल्याच उत्तराला आपणच प्रश्न विचारला, आणि आलेला आकडा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून टाकला. स्वतः शिकणं याला म्हणतात. तुझ्या कॉलेजच्या लॉगबुकात यासाठी रकाना नाही.

लॉगबुकाचं निघालं म्हणून. तुमच्या बॅचला २०१९चा नवा अभ्यासक्रम आहे. त्यात स्वयंअध्ययनाचे तास आहेत, पहिल्या वर्षापासून रुग्ण दाखवायचे, संवाद आणि नीतीचे धडे द्यायचे असं बरंच चांगलं लिहिलंय. कागद मी वाचलाय, कागदाशी माझं भांडण नाही. पण पुष्कळ ठिकाणी स्वयंअध्ययनाचा तास म्हणजे सरांना सुट्टी, आणि चिंतन म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री एकाने लिहिलेलं पंचवीस जणांनी उतरवणं. मुलांना एकटं सोडलं की ती आपोआप शिकतात हा समज ज्याने पसरवला त्याला माझ्याकडे पाठव. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वीस मुलांची पहिली बॅच घेऊन आधी रुग्णाची समस्या, मग त्यासाठी लागेल ते शरीरशास्त्र असा क्रम उलटा केला, तेव्हा शिक्षक घरी गेले नव्हते. ते मुलांच्या लहान गटात बसत आणि उत्तर जिभेवर असून गप्प राहत. ते शिकवण्यापेक्षा अवघड आहे. १९७४ पासून नेदरलँड्सच्या मास्त्रिख्तमध्ये त्याच्या सात पायऱ्या बांधल्या: शब्द स्पष्ट करा, प्रश्न ठरवा, आपल्याला आधी काय वाटतं ते मांडा, त्याची जुळवाजुळव करा, काय शिकायचं ते नक्की करा, एकेकटे जाऊन शिका, परत येऊन एकमेकांना सांगा. त्यातली तिसरी आणि सातवी सोडून बाकीच्या तू आपोआप करशील. तिसरीसाठी वही आहेच. सातवीसाठी तुझ्यासारख्याच बंधपत्रवाल्या दोघांना गाठ, एक जुन्नरच्या बाजूचा, एक खेडचा. आठवड्यातून एकदा फोनवर प्रत्येकाने एकच पेशंट सांगायचा, आणि इतरांनी अंदाज केल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही.

गंमत बघ, त्याच १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज सुरू केलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दत्तक गावात मुक्कामाला धाडायची रीत घातली. तिथे समस्या कागदावर लिहून द्यावी लागत नव्हती, ती ओसरीवर बसलेली असायची. मला विचारशील तर कागदावरच्या केसचा मोठा दोष हाच की तिच्यातला पेशंट खोटं बोलत नाही. आपल्या पट्ट्यात माणूस ‘फवारणीनंतर चक्कर आली’ म्हणून येतो. बाहुली टाचणीएवढी, तोंडाला फेस, छातीत खरखर, आणि सोबतचा भाऊ जमिनीकडे बघतोय. त्याने काय प्यायलं हे तो सांगणार नाही. पोलिसांची भीती, घरची अब्रू, सगळं त्या खाली घातलेल्या मानेत असतं. भावाला बाहेर ने, हळू विचार, आणि डबा आणायला माणूस पाठव. ॲट्रोपिन मात्र डब्याची वाट बघत थांबवू नकोस, आणि ते बाहुल्या बघून नाही, छाती कोरडी होतेय का हे ऐकून वाढव.

डब्याबद्दल शिकायचं तर कॉलेजात नाही, नारायणगाव किंवा मंचरच्या कृषी सेवा केंद्रात जा. टोमॅटोच्या हंगामात दुकानदाराला गर्दी नसेल अशी दुपार बघून अर्धा तास माग. डब्यांवरच्या चौकटी बघ: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. आत कुठलं रसायन, उतारा काय, ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. सध्या कुठल्या पिकावर काय मारतायत हे त्या माणसाला तुझ्या फार्माकॉलॉजीच्या सरांपेक्षा पक्कं माहीत. पॅराक्वाट कुठल्या नावांनी विकलं जातं तेही विचार. ते प्यायलेल्या पेशंटला ऑक्सिजन देताना हात का आखडायचा, हा आणखी एक प्रश्न वहीत टाक.

आशाताईला खुर्ची दे. उभी ठेवून तिच्याकडून रजिस्टर भरून घेणारे डॉक्टर तिला माहीत असलेलं काहीच शिकत नाहीत. कुठल्या वाडीत कुणाला दिवस गेलेत, कोण रक्तवाढीच्या गोळ्या चुलीत टाकतं, कुठला भगत माणूस अडवतो आणि कुठला ‘आधी दवाखान्यात जा’ म्हणतो, ते तिच्याकडे. दुसऱ्या भगताशी ओळख कर, पहिल्याशी भांडू नकोस. एसटीच्या ड्रायव्हरलाही धरून राहा. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली, तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं होतं. तुझ्या केंद्राला बातमी अशाच वाटेने पोचते.

बिबट्याचं थोडक्यात. उसात वाढलेला आहे, पूर्वेकडे जास्त, पण मेंढरांच्या वाड्यावर कुठेही येतो. ओरबाडलेला माणूस आला की सोबत पन्नास माणसं आणि दोन मोबाइल कॅमेरे येतात. तू कुणाशी न बोलता जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धू. टाके घालायची घाई नको. रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतं; केंद्रात नसेल तर ते कुठे मिळेल हे तो यायच्या आधीच माहीत पाहिजे.

‘उशीर का झाला’ हा प्रश्न प्रत्येक वेळी लिही. तो सामाजिक म्हणून वेगळा काढून ठेवायचा नसतो. आवणीच्या दिवसांत बाई ताप अंगावर काढते कारण खाचरातलं पाणी थांबत नाही. पोराला संध्याकाळीच उलट्या सुरू झाल्या, पण मुक्कामाची गाडी येऊन गेली होती. सहा महिन्यांची डावी पानं एकदा सलग वाच. औषधाने न सुटणारं काय काय आहे ते तिथे एका रांगेत दिसेल, आणि त्यातलं एखादं ग्रामपंचायतीच्या एका बैठकीत सुटण्यासारखं असतं. जमिनीवर निजणाऱ्या पोरांना बाज आणि मच्छरदाणी मिळाली तर मण्यारीचे पेशंट कमी होतात, एवढं साधं.

रेफर केलेला पेशंट तुझाच असतो. घोडेगावला, मंचरला, पुढे ससूनला गेला तरी तिसऱ्या दिवशी फोन कर. घोणस चावलेल्याची लघवी कमी झाली का, डायलिसिस लागलं का, मण्यारीच्या पोराने डोळे केव्हा उघडले. पहिल्यांदा तिकडचे वैतागतील. दोन-तीनदा केलास की तेच फोन करून सांगतील. फोनवर विचारतानाही तीन ओळींत: पेशंट काय, मला काय वाटतं, अडलंय कुठे. ‘सर, आता काय करू’ असा फोन करणाऱ्याला सर उत्तर देतात, शिकवत नाहीत. आणि सरकारी उपचारक्रमांच्या फाइली फोनमध्ये उतरवून ठेव. डोंगरात पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नाही, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या डोसांचा तर कधीच नाही.

राहिलं एक. रुजू झालास की पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री, पेशंट नसताना, रुग्णवाहिकेत बसून केंद्रापासून मंचरपर्यंत जाऊन ये. घड्याळ लाव. वळणांवर मागे बसून अँबू बॅग दाबून बघ, एका हाताने किती वेळ जमतं ते कळेल. किती आकड्यावर श्वास थांबला की निघायचं, हे पुस्तक सांगत नाही, तो रस्ता सांगतो. आणि मागे कोण बसणार, तू की सिस्टर, आणि तेवढा वेळ केंद्र कुणी बघायचं, हे त्याच रात्री परत आल्यावर सगळ्यांदेखत ठरवून टाक.